डावी बाजू

“डाव्या कानाने तुम्हाला ऐकू येत नाही, हे खरं आहे की नाही?”

हा प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला, कारण विचारणारा वकील माझ्या उजवीकडे उभा होता. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीचा वकील. सकाळपासून त्याने माझी नोकरी, माझं काम, अपघाताच्या दिवशीचं हवामान असे मला येत असलेलेच प्रश्न विचारले होते, आणि पेपर सोपा निघाल्यावर विद्यार्थी जसा बाकावर जरा सैल होतो तसा मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सैल झालो होतो. कुबडी कठड्याला टेकवली होती आणि नकली पायावरचा भार काढून खऱ्या पायावर घेतला होता. मी उत्तरासाठी तोंड उघडलं. न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, आणि उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर घेऊ असं म्हणून ते उठले. त्यांच्यामागून अख्खं कोर्ट उठलं. मी तोंड मिटून घेतलं. माणसं डबे काढायला लागली, पंखा बंद झाला, आणि तो प्रश्न तेवढा उष्ट्या ताटासारखा समोर पडून राहिला.

माझा डावा कान बंद आहे ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. एक मी, दुसरी बायको, तिसरा तिचा धाकटा भाऊ. कानाचा डॉक्टर धरला तर चार, पण तो मागेच वारला, आणि मेलेल्या माणसांकडून माहिती काढण्याइतका कंपनीचा कायदा विभाग अजून कार्यक्षम झालेला नाही. बायकोचा हा धाकटा भाऊ त्याच विभागात अधिकारी आहे. कंपनीच्या वकिलाच्या मागच्या खुर्चीत बसून लागेल ती फाइल पुढे करायची, हे त्याचं आजचं काम. प्रश्न आला तेव्हा तो एका फाइलीची गाठ सोडत होता. गाठ साधीच होती. सुटत नव्हती.

बाहेर बोळकांडीतल्या बाकावर आम्ही बसलो. भिंतीवर डोकी टेकून टेकून तेलाचे गोल डाग पडले होते. इथे किती पिढ्या थांबल्या असतील ते त्या डागांवरून कळावं. बायको माझ्या उजवीकडे बसली. आमच्या घरात सगळे माझ्या उजवीकडेच बसतात. ठरवून कोणी काही केलेलं नाही, पण जेवायला बसताना, फोटो काढताना, लग्नाकार्यात पंगतीला, घरचं माणूस फिरून माझ्या उजव्या हाताला येणार. पाहुण्यांना वाटतं, घरात मला मान आहे. धाकटा तर इतका सरावलेला की रस्त्याने चालताना मी वळलो की तोही वळून, दोन पावलं पळून, पुन्हा माझ्या उजवीकडे येई. ऐन बोलण्याच्या भरात. वाक्य न तोडता.

विमानतळावर माझं काम हातवाऱ्यांचं होतं. विमान उतरून, रांगत रांगत थांबायच्या जागेकडे येतं, तेव्हा त्याच्या नाकासमोर उभं राहून, दोन्ही हातांत नारिंगी बॅटी धरून, ये, ये अजून, जरासं डावीकडे, हळू, बस, असं वैमानिकाला खुणेने सांगणारा जो माणूस असतो तो मी. मार्शलर म्हणतात. धाकटा ‘हवालदार’ म्हणायचा. “आमचे भावजी ट्रॅफिक हवालदार आहेत, फक्त त्यांच्या गाड्यांना पंख असतात.” तेव्हा तो आमच्याकडे राहून वकिलीचा अभ्यास करत होता. जेवताना आमची सगळी भाषा खुणांची व्हायची. भात पुढे सरकवायचा तर मी दोन्ही हातांनी ‘ये’ करायचो, पातेलं ताटाशी आलं की तो दोन्ही मनगटं डोक्यावर उलटसुलट धरून ‘थांब’ करायचा. बायको म्हणायची, अहो, एकाला शिकवताय की दोघं मिळून वेडे होताय? पण तो नीट शिकला. हात किती उंच, कोपर किती सरळ, सगळं. मी त्याला सांगायचो, बाबा, ही खूण अर्धवट केली तर वैमानिक तिचा हवा तो अर्थ काढतो. तो म्हणायचा, म्हणजे कायद्यासारखंच की.

रात्रभर नाही, पण बरेच तास तो खोलीत येरझारा घालत कायदा पाठ करायचा, आणि मी न्यायाधीश. म्हणजे मी खुर्चीत बसून पेपर वाचायचो आणि मधूनमधून ‘पुढे’ म्हणायचो. त्यामुळे मला उगाचच काही वाक्यं पाठ झाली आहेत. जागा ज्याच्या ताब्यात, तिथे कामाला आलेल्या माणसाला इजा होणार नाही ही काळजी त्याने घ्यायची. काम कंत्राटाने देता येतं, जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही. अधिकाऱ्याला माहीत, म्हणजे कंपनीला माहीत. हे शेवटचं त्याच्या तोंडी बसत नव्हतं, पुन्हा पुन्हा अडखळायचा, म्हणून मी पेपरामागून पुढचा शब्द सुचवायचो. पास झाल्यावर त्याला कंपनीत चिकटवायला मी कोणाकोणाच्या पुढे मान खाली घातली ते सांगत नाही. मान खाली घालण्यात काही विशेष नाही. तीच मान ताठ ठेवून नंतर विमानंही आणली.

आता तीच कंपनी कोर्टात सांगते की त्या दिवशी मला धडकलेला सामानाचा ट्रॅक्टर कंत्राटदाराचा, ट्रॅक्टरवरचा चालक त्या कंत्राटदाराच्याही कंत्राटदाराचा, जमिनीवरचे पट्टे तिसऱ्याच रंगाऱ्याने मारलेले, आणि पाऊस ही ईश्वरी घटना. कंपनी केवळ जागेची व्यवस्था पाहते. हे सगळं वजा जाता त्या प्रकरणात निर्विवादपणे माझा असा पाय तेवढा उरला, तोही गुडघ्यापर्यंतच. डावा. आधी कान, मग पाय. माझी डावी बाजू थोडी थोडी करून कंपनीत जमा होत गेली, हे आज बाकावर बसल्यावर प्रथम लक्षात आलं.

पट्ट्यांचं सांगायला हवं, कारण सगळा खटला त्यांच्यावर उभा आहे. विमानांच्या आसपास सामानाच्या गाड्यांनी कुठून जायचं हे डांबरावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेलं असतं. प्रवाशांसाठी नवं दार झालं तेव्हा तो रस्ता सरकवला. नवे पट्टे मारले. जुने खरवडून काढायचे तर जागा काही दिवस बंद ठेवावी लागली असती, म्हणून त्यांच्यावर काळा रंग फासला. कोरड्यात काळा रंग आणि काळं डांबर एकच दिसतं. पण जमीन ओली झाली की रंग चकाकतो, डांबर चकाकत नाही, आणि पुसून टाकलेला रस्ता खालून वर येतो. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. आम्ही एकमेकांना सांगितलं होतं, वरच्यांनाही सांगितलं होतं. पाहणीला साहेब लोक आले ते ऊन असताना आले, आणि ऊन असताना सगळं ठीक होतं. त्या दिवशी भुरभुर पडून गेली होती. विमानाच्या इंधनाचा रॉकेलसारखा वास ओला होऊन नाकात चिकटला होता. मी विमान आत घेत होतो. विमान पूर्ण थांबेपर्यंत वैमानिकावरून नजर हलवायची नाही, हा आमचा पहिला धडा. त्याला फक्त तुम्ही दिसत असता. तो नवखा चालक चकाकणारा जुना रस्ता धरून, अगदी नियमात, माझ्या डावीकडून मागून आला. त्याने हॉर्न दिला म्हणतात. दिला असेल. मला आधी गुडघ्यात काहीतरी गरम गेल्यासारखं वाटलं. समोर विमान अजून हलत होतं. मी दोन्ही हात वर नेऊन मनगटं उलटसुलट धरली, ते थांबलं, मग मी पडलो. नंतर पेपरवाल्यांनी याला धैर्य म्हटलं. धैर्य कसलं, हाताला सवय होती, पायाला काय झालंय ते हातांना कळलं नव्हतं.

“खाऊन घ्या थोडं,” बायको म्हणाली. तिने डबा उघडला होता आणि झाकण मांडीवर धरून ती त्यातल्या वाफेच्या थेंबांकडे बघत होती.

“त्याने सांगितलं,” मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. माझ्या उजव्या कानाला तिचं न बोलणंही नीट ऐकू येतं.

“घरात वाढवलेला पोरगा. केसाने गळा कापला. तुला काही बोलला होता?”

“मागच्या आठवड्यात आला होता,” ती झाकणाला म्हणाली. “तुम्ही पायाच्या व्यायामाला गेला होता तेव्हा. म्हणाला, ताई, वरून विचारणा झाली, घरचे संबंध आहेत, काही माहीत असेल तर सांग, नाहीतर तूही त्यातलाच. अहो, त्याची नोकरी गेली असती. रडत होता.”

“आणि तू?”

“मी चहा केला.”

गेला आठवडाभर मी या बाईच्या हातचं जेवलो होतो. तिने रोज माझ्या नकली पायाचे पट्टे आवळून दिले होते, साक्षीचा सदरा इस्त्री केला होता. काल विचारलं होतं, धीट बोलाल ना? मी म्हटलं होतं, लपवण्यासारखं काय आहे आपल्याकडे? ती म्हणाली होती, तेच ना. तेव्हाचा तिचा आवाज मी आता पुन्हा काढून ऐकला. त्यात काही नव्हतं. साधा आवाज होता. तिचा नेहमीचा. याच आवाजात ती मला दूध उतू जातंय म्हणून सांगते.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून तुम्ही काय केलं असतंत? खोटं बोलला असता शपथेवर? आपलेच दात, आपलेच ओठ,” ती म्हणाली. “मला कोणाला चावायचं ते तरी कळू दे.”

कान गेल्याचं मला प्रथम धाकट्यानेच सांगितलं होतं. तो कंपनीत लागून थोडेच दिवस झाले होते. डावीकडून हाका मारल्या, मी वळलो नाही, तर हा मला स्कूटरवर मागे बसवून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने लोखंडी चिमटा वाजवून कानाशी धरला. मी म्हटलं, वाजवा ना. डॉक्टर म्हणाला, वाजतोय. परत येताना धाकट्याने एका झाडाखाली स्कूटर थांबवली. “भावजी, ऑफिसात बोलू नका. अनफिट ठरवतील आणि कोपऱ्यात पत्रं चाळायला बसवतील. इंजिनाच्या आवाजाने कान गेला हे मान्य करायला कंपनी बसलेली नाही. कान तपासायची खोली तर त्यांनी जाहिरातीचे फलक ठेवायला काढली, विचारतंय कोण?” माझे डोळे भरून आले होते. आपल्या माणसाचा कायद्याचा सल्ला फुकट मिळतो याचं मला अप्रूप वाटलं होतं. तेव्हा त्याने जे मला झाकून ठेवायला सांगितलं, त्यालाच आता फाइलीत ‘साक्षीदाराने जाणूनबुजून दडवले’ म्हणतात. काळा रंग तोच. वरून पाणी पडलं एवढंच.

माझ्या वकीलबाई तरातरा आल्या. हातात अर्धं केळं होतं, ते रागाने धरल्यामुळे जरा चेपलं होतं. “कानाचं मला का नाही सांगितलंत? वकिलापासून आणि डॉक्टरपासून काही लपवू नये, लहान मुलांना शिकवतात.”

“डॉक्टरला माहीत होतं,” मी म्हणालो.

“विनोद नकोत. ऐका. खोटं बोलायचं नाही. ‘हो’ म्हणून मोकळे व्हा. त्यानंतर ते विचारतील, कंपनीला का कळवलं नाही. तिथे गंमत आहे. कंपनीतल्या एखाद्या अधिकाऱ्याला तुमच्या कानाचं माहीत होतं का? कोणीही चालेल. माहीत असेल तर त्यांचा मुद्दा जागीच मेला. माहीत असूनही त्यांनी तुम्हाला तिथे उभं केलं, म्हणजे जबाबदारी त्यांचीच. आहे का असा कोणी?”

अधिकाऱ्याला माहीत, म्हणजे कंपनीला माहीत. माझ्या पेपरामागून मीच सुचवलेला शब्द. बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

“आठवून सांगतो,” मी म्हणालो.

वकीलबाईंनी माझ्याकडे, बायकोकडे आणि केळ्याकडे पाहिलं. “आठवा. लवकर आठवा. ते एक नाव म्हणजे तुमचा खटला आहे,” म्हणाल्या आणि गेल्या.

“त्याचं नाव घेऊ नका हो,” बायको झाकण उचलता उचलता म्हणाली. “तुमचा पाय काही परत येणार नाही. त्याचं मात्र सगळं जाईल. पोरं लहान आहेत त्याची. तुम्ही मोठे आहात.”

मी मोठा होतो हे खरं. एका पायाने कमी, पण मोठा. आणि तेवढ्यात डाव्या गालाला ऊब लागली. धाकटा येऊन बसला होता. न्यायाने बोलायचं तर उजवीकडे बायको होती, बाकावर डावीकडचीच जागा मोकळी होती. पण तो समोर उभा राहू शकला असता. इतकी वर्षं वाक्य न तोडता माझ्या उजवीकडे पळत आलेला माणूस जागा नाही म्हणून डावीकडे बसत नाही. त्याने फाइल तोंडासमोर धरली आणि माझ्या कानाशी वाकून कुजबुजायला लागला. पुष्कळ बोलला. श्वास लागत होता, बडीशेपेचा वास येत होता, मध्ये एकदा ऊब थांबली आणि जोराने परत आली, म्हणजे आवंढा असावा. शब्द एकही लागला नाही. मग माझा खांदा दाबून तो उठला आणि डोळे पुसत आत गेला, हलका झाल्यासारखा.

“काय म्हणाला?” मी बायकोला विचारलं.

“मला काय माहीत? तुमच्याशी बोलत होता तो.”

हुशार पोरगा. माझ्या मदतीने शिकलेला. जी माफी समोरच्याला ऐकूच गेली नाही, ती उद्या कबुली म्हणून पुढे करता येत नाही. मागितल्याचं समाधान पदरात, पुरावा शून्य.

सुट्टी संपली. मी पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिलो. वकिलाने प्रश्न पुन्हा वाचला. मी ‘हो’ म्हणालो. टाइप करणाऱ्या बाईने माझं ‘हो’ दोन बोटांत संपवलं.

“ही गोष्ट तुम्ही कंपनीला कळवली होती?”

“नाही.”

“का नाही?”

इथे ते नाव होतं. जिभेवर येऊन बसलं होतं. त्याचं पहिलं अक्षर मला दाताला लागत होतं. वकीलबाई पेन उघडून पुढे झुकल्या. मी वकिलाच्या खांद्यावरून मागे पाहिलं. धाकटा माझ्याकडेच बघत होता. त्याने फाइल बाजूला ठेवली, केस सारखे करावे तसे हात वर नेले, आणि कोणाच्या लक्षात येईल न येईल एवढा वेळ दोन्ही मनगटं कपाळाच्या वर उलटसुलट धरली.

थांब.

खूण चोख होती. उंची तेवढी कमी, पण मनगटांची फुली अगदी बरोबर, शिकवलं तसं. आयुष्यभर मी ही खूण केली आणि समोरची अवाढव्य यंत्रं थांबली. कोणी विचारलं नाही की का थांबायचं. जेवतानाची गंमत सोडली तर मला मात्र ती कधी कोणी केली नव्हती. आपण दुसऱ्याला जन्मभर जे करत आलो ते आपल्याला केलं की आत काय होतं, हे मला माहीत नव्हतं. सगळं थांबतं. इंजिनसुद्धा बंद होतं, आणि मग नुसता तो थंड होतानाचा टिकटिक आवाज येत राहतो.

“मला गरज वाटली नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे जाणूनबुजून सांगितलं नाही?”

“जाणूनबुजून.”

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. पण बाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची पाळी आल्यावर उठल्या आणि विचारलं, त्या दिवशी कानांवर काय होतं? मी म्हटलं, इअरमफ, कान झाकणारे जाड गोळे. कंपनीच देते, न लावता आत सोडत नाहीत. म्हणजे दोन्ही कान कंपनीच्याच हुकमाने बंद होते? हो. न्यायाधीश पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. लगेच कंपनीचा वकील उभा राहून म्हणाला की असं असेल तर हॉर्नवर विसंबून राहणं ही ट्रॅक्टरचालकाची चूक ठरते, आणि चालक कंत्राटदाराचा असल्यामुळे कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही. कानावर हात ठेवायला कंपनीला इअरमफ लागत नाहीत. पट्ट्यांचे फोटो दाखल झाले. फोटोत जमीन कोरडी होती. पुढची तारीख पडली. वकीलबाई दारात मला म्हणाल्या, “अवघड करून ठेवलंत,” आणि बायकोकडे एकदा बघून निघून गेल्या.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. मी कुबडी टेकत एक एक पायरी उतरत होतो, बायको उजव्या कोपराखाली हात देऊन. खाली गाडीचं दार उघडून धाकटा उभा होता, नेहमीसारखा. “भावजी, सोडतो ना घरी.” मी जवळ गेलो तसा तो पुढे आला, बायकोला जरा बाजूला सारून, सवयीने, माझ्या उजवीकडे. त्याचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. “भावजी, तुम्ही आज जे केलंत ना...”

मी कुबडीवर पुरता वळलो. एका पायावर वळायला वेळ लागतो, तो थांबला. माझा डावा कान बरोबर त्याच्या तोंडासमोर आल्यावर मी म्हणालो, “हं. आता बोल.”

तो बोलला की नाही, सांगता येत नाही. मी रस्त्याकडे बघत होतो, उजव्या कानात गाड्यांचा गोंगाट होता. बऱ्याच वेळाने गाडीचं दार लागल्याचं कुबडीतून हाताला कळलं. त्याची सोय झाली. यापुढे घरात त्याची जागा डावीकडे. जेवायला ये, सणाला ये, खुशाल बोल. प्रश्न उरला तो बायकोचा. ती वळसा घालून पुन्हा माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली होती आणि, “रिक्षा बघू का हो?” म्हणून विचारत होती. नेहमीच्या, साध्या आवाजात. शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्यासाठी माझ्याकडे आणखी एक बंद कान नव्हता.